ब्रुकलँड्स: गाड्या बघायला गेलो आणि बाबा रस्ताच बघत बसले

सरळरेषा

मंडळी नमस्कार,

आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी लंडनला आमच्याकडे आलेत. राजवाडा, मोठं घड्याळ, नदीवरचे पूल हे सगळं दोन शनिवारांत उरकलं. तिसऱ्या शनिवारी आईने जाहीर केलं की तिला भाचीकडे हॅरोला जाऊन नुसत्या गप्पा मारायच्या आहेत. मग बाबांना म्हटलं, चला, वॉटर्लूहून गाडी पकडू आणि वेब्रिजला ब्रुकलँड्सचं शर्यतीच्या गाड्यांचं संग्रहालय बघून येऊ. बाबा म्हणाले, "त्यात काय बघायचं? चार चाकं असणार." बाबा सिव्हिलवाले. चौतीस वर्षं रस्ते आणि पूल.

ब्रुकलँड्सचं नाव शर्यतींच्या नादी लागलेल्यांनी ऐकलेलं असतं, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमधल्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरची मर्यादा होती. फ्रान्स-इटलीत गावोगावच्या रस्त्यांवर शर्यती व्हायच्या, इथे ते शक्यच नव्हतं. ह्यू लॉक किंग नावाचा एक जमीनदार १९०५ साली इटलीत ब्रेशियाची शर्यत बघायला गेला आणि तिथे एकही ब्रिटिश गाडी नाही हे बघून खट्टू झाला. परत येऊन या गृहस्थाने स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पैशाने शर्यतीचा मार्गच बांधायला घेतला. पावणेतीन मैलांची फेरी, ३० मीटर रुंदी आणि वळणावर जवळजवळ ९ मीटर उंच चढवलेला काँक्रीटचा काठ. दोन ठिकाणी नदीचं पात्र वळवलं. खर्च दीड लाख पौंड, १९०७ सालचे! काम नऊ महिन्यांत उरकलं आणि १७ जून १९०७ ला उद्घाटन झालं. खास मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला असा मार्ग जगात त्याआधी नव्हता. लॉक किंगचं मात्र दिवाळं निघायची वेळ आली, बायकोच्या माहेरच्यांनी सावरलं. त्या बाई, एथेल लॉक किंग, उद्घाटनाच्या दिवशी मिरवणुकीच्या पुढे स्वतः गाडी चालवत होत्या.

तर आम्ही आत शिरलो. मी सरळ गाड्यांच्या शेडकडे. मागे बघतो तर बाबा नाहीत.

सापडले ते वळणाच्या काठापाशी. 'मेंबर्स बँकिंग' म्हणतात त्या भागाला, जिथे सभासद बसायचे. राखाडी काँक्रीटची भिंतच ती, वर जाताजाता जास्त जास्त उभी होत जाणारी, सांध्यांमधून शेवाळ आणि गवत आलेलं. बाबा उकिडवे बसून एका तुटलेल्या कडेवरून बोट फिरवत होते.

"यात सळई नाही रे."

मी म्हटलं, असेल आत कुठेतरी.

"नाही. ही कड बघ ना. नुसती खडी, वाळू, सिमेंट. एवढ्या उतारावर सळईशिवाय ओतलंय. आणि खालची भरावाची माती बसायला वेळच दिलेला नाही."

शेजारून जाणारे एक स्वयंसेवक आजोबा हे ऐकून थांबले. बाबांचं इंग्रजी कामापुरतं, पण विषय काँक्रीटचा असल्यावर कुणाचंच काही अडलं नाही. आजोबांनी सांगितलं की हे खरं आहे, आणि त्यामुळेच पहिल्या काही वर्षांतच रस्ता खचायला लागला, दरवर्षी हिवाळ्यात डागडुजी करावी लागायची. नदीवरून जाणारा भाग लोखंडी सळयांच्या काँक्रीटचा पूल होता. तो जागचा हलला नाही पण शेजारचा रस्ता खाली बसला, त्यामुळे तिथे एक उंचवटा तयार झाला. १९३० च्या दशकातल्या फोटोंत त्या उंचवट्यावर आख्खी गाडी हवेत उडालेली दिसते, चारही चाकं जमिनीपासून वर. जगभर गाजलेले फोटो ते. बाबा म्हणाले, "म्हणजे पुलाच्या जोडरस्त्याचा प्रॉब्लेम. आपल्याकडे प्रत्येक पुलाला असतो." मी त्या फोटोवर लहानपणापासून फिदा आहे. मूळ कारण पुलाच्या तोंडाशी बसलेला भराव, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे दोन तास हेच. मी गाड्या बघायचो, बाबा जमीन.

गाड्यांबद्दल एकच लिहितो, कारण ती एक बघायलाच तिथे जावं. नेपिअर-रेल्टन. १९३३ साली जॉन कॉब या शर्यतपटूसाठी रीड रेल्टनने आखलेली, इथल्याच वर्कशॉपमध्ये बांधलेली. इंजिन विमानाचं, जवळजवळ २४ लिटरचं. आपली नेहमीची हॅचबॅक सव्वा लिटरची असते, त्यावरून हिशोब करा. रंग नाही, बॉडी नुसती चकचकीत धातूची. १९३५ साली कॉबने हिच्यात ताशी १४३.४४ मैलांनी, म्हणजे सुमारे २३१ किलोमीटरने फेरी मारली. ६९.४४ सेकंद. हा विक्रम कायमचा राहिला, कारण १९३९ ला युद्ध सुरू झालं आणि इथल्या शर्यती संपल्या त्या संपल्याच.

आपल्यापैकी अजून कोणी गेलंय का? आणि कंपन्यांच्या चकाचक संग्रहालयांपेक्षा असली मोडकी जागा मला जास्त का भिडली, हा माझाच दोष की कसं?

---

तिरकी_खुर्ची

छान लिहिलंय. फोटो कुठेत? फोटोंशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

---

सरळरेषा

माझ्या फोनची बॅटरी गेली होती. बाबांनी काढलेत भरपूर, त्यांच्याकडून घेऊन टाकतो.

---

भोसरी_टूलरूम

नेपिअर लायन इंजिन का? असेल तर ते चार-चार सिलिंडरच्या तीन रांगा असलेलं, बाणाच्या टोकासारखं. एक रांग मधे उभी, दोन बाजूला कललेल्या. एक शंका आहे. एवढं धूड २३० ला पळतंय तर त्याचे ब्रेक कसले? फोटोत पुढच्या चाकांना ड्रम दिसत नाहीत.

---

सरळरेषा

@भोसरी_टूलरूम, नजर आहे तुमची. पुढे ब्रेकच नाहीत! फक्त मागच्या चाकांना. या मार्गावर ब्रेक मारायची फारशी वेळ यायची नाही, वळणं काठावरून काढायची. पण खरी गंमत पुढे आहे. युद्धानंतर ही गाडी एका पॅराशूट कंपनीने घेतली. विमान उतरल्यावर मागे छत्री उघडून वेग कमी करतात ना, त्या छत्र्यांच्या चाचण्यांसाठी. म्हणजे पुढे ब्रेक नसलेल्या गाडीला नोकरी मिळाली ती ब्रेक तपासायची. संग्रहालयाकडे ती १९९७ साली आली. आजही चालू स्थितीत आहे, अधूनमधून सुरू करतात.

---

श्टुटगार्टकर

लेख आवडला, पण शेवटच्या प्रश्नाशी असहमत. मी इथे मर्सिडीजच्या संग्रहालयात पाहुण्यांना घेऊन निदान दहा वेळा गेलो असेन. तिथेही कलत्या वळणाचा काठ उभारून त्यावर चंदेरी गाड्या रांगेने लावल्यात, जणू आत्ता वळण घेतायत. १९५० च्या दशकातली डब्ल्यू १९६ ही शर्यतीची गाडी, जिच्यात विश्वविजेता फांजिओ जिंकला, ती हातभर अंतरावरून बघता येते. देखभाल, प्रकाशयोजना, माहिती, सगळं चोख. मोडकं आहे म्हणून भिडतं ही आपली जुनी सवय. वाडा पडायला आला की आपल्याला त्याचं प्रेम येतं.

---

सरळरेषा

@श्टुटगार्टकर, वाड्याचा टोमणा लागला, कारण खरा आहे. पण एक फरक सांगतो. तुमच्याकडचा काठ देखावा म्हणून बांधलाय. उत्तम बांधलाय, वाद नाही. ब्रुकलँड्सच्या काठावर खरंच गाड्या पळाल्या आणि माणसं मेली. शिवाय कंपनीच्या संग्रहालयात कंपनी हरलेली शर्यत शोधून दाखवा. इथे फसलेल्या गोष्टीही मांडल्यात. १९२६ ची ब्रिटनमधली पहिली ग्रां प्री इथेच झाली. जिंकली फ्रेंच डेलाज, पण तिचा धुराड्याचा पाईप चालकाच्या पायाशी इतका तापायचा की पाय भाजून निघायचे. चालक मधे थांबून थंड पाण्यात पाय बुडवून बसायचे आणि दुसरा गडी गाडी घेऊन जायचा. विजेते म्हणून सेनेशाल आणि वागनर अशी दोन नावं लागली ती त्यामुळेच. अशी गोष्ट पत्रकात कोण छापेल?

---

श्टुटगार्टकर

हा हा, पाण्याची बादली मान्य. बाकी मुद्दा राखून ठेवतो. (शेजारीच मर्सिडीजचं मोठं दालन आहे ना तिथे? तेही त्याच जुन्या मार्गाच्या जागेत. म्हणजे शेवटी आम्ही पोचलोच.)

---

खिडकीतली

एथेल बाईंचं नाव घेतल्याबद्दल आधी धन्यवाद, नाहीतर असल्या धाग्यांत बाया फक्त बक्षीस द्यायला येतात.

पुढचं मी लिहिते. उद्घाटनाला बाई पुढे, पण पहिल्या वर्षी डोरोथी लेव्हिटने शर्यतीत भाग घ्यायची परवानगी मागितली ती नाकारली. ती काही नवशिकी नव्हती, वेगाच्या स्पर्धांत नाव असलेली होती. १९०८ ला बायकांसाठी एक वेगळी शर्यत ठेवली, बक्षीस काय तर ब्रेसलेट. म्युरिएल थॉम्पसन जिंकली. मग पुन्हा बरीच वर्षं दार बंद.

आणि १९३५ चा ऑगस्ट बघा. के पीटर, उंची जेमतेम चार फूट दहा इंच, साडेदहा लिटरच्या डेलाजमध्ये बसली. पाय पोचावेत म्हणून पेडलवर ठोकळे बसवले होते. ताशी १३४.७५ मैल. तीनच दिवसांत ग्वेंडा स्टुअर्टने १३५.९५ केलं. कॉबच्या त्या राक्षसापेक्षा जेमतेम आठ मैल कमी, तेही त्याच खचलेल्या रस्त्यावर. के पीटर पुढे एका मोटार कंपनीत गाड्यांचे रंग ठरवण्याचं काम करायची. इतकी गाडी चालवून झाल्यावर रंग! मला हे वाचून काय वाटलं ते इथे लिहिता येत नाही, संपादक उडवतील.

---

तिरकी_खुर्ची

@खिडकीतली, लिहा हो, संपादक जेवायला गेलेत.

फोटो?

---

अण्णा_नगरवाले

मला एक कळत नाही. काठ इतका उभा केला तर गाडी खाली घसरत कशी नाही?

---

भोसरी_टूलरूम

अण्णा, जत्रेतली मौत का कुआँ बघितली असेल ना? तेच. गाडी वळते तेव्हा ती बाहेर फेकली जायला बघते. रस्ता सपाट असेल तर तिला आत धरायचं काम एकट्या टायरच्या पकडीवर. रस्ताच आतल्या बाजूला कलता केला की रस्ता स्वतः गाडीला आत ढकलतो, टायरचा भार हलका. प्रत्येक उताराला एक ठरावीक वेग असतो, त्या वेगाला स्टिअरिंग न फिरवताही वळण निघतं. हळू गेलात तर खाली ओढ लागते, जोरात गेलात तर वर. म्हणून हळू गाड्या खालून आणि जोरातल्या कठड्याजवळून. वरच्या कडेला चूक झाली की पलीकडे झाडं.

---

सरळरेषा

अगदी बरोबर. ब्रुकलँड्सच्या मधोमध काळी रेघ आखलेली असायची, पन्नास फुटांची रेघ म्हणत. ती धरून गेलं तर काठाच्या वळणात स्टिअरिंगला हात लावायची गरज नाही असा हिशोब होता. कागदावरचा. उंचवटे कागदावर नव्हते.

---

विदा_मागणारा

सगळं ठीक, पण हा सगळा श्रीमंतांचा खेळ होता हे कोणी बोलणार की नाही? त्यांचं ब्रीदच होतं, अर्थ असा की 'योग्य मंडळी, आणि गर्दी नको'. आजूबाजूच्या लोकांनी आवाजाबद्दल कोर्टात खेचलं, तेव्हा कुठे गाड्यांना मोठे सायलेन्सर लावायची सक्ती झाली. अशा जागेचं एवढं काय कौतुक?

---

सरळरेषा

ब्रीद तसंच होतं, नाकारत नाही. संग्रहालयही ते लपवत नाही. सुरुवातीला तर सगळा कारभार घोड्यांच्या शर्यतीवरून उचललेला. १९०७ ला गाड्यांना नंबर नव्हते, चालक जॉकीसारखे रंगीत डगले घालून बसायचे. 'पॅडॉक' (शर्यतीआधी गाड्या जमवायची जागा) हा शब्द मोटारशर्यतीत आला तोही तबेल्याच्याच वाटेने. शर्यती बहुतेक हँडिकॅपच्या, म्हणजे हळू गाडीला आधी सोडायचं, जोरातलीला मागून. एबलव्हाइट नावाचे गृहस्थ हा हिशोब करायचे. मूळ धंदा वाद्यांच्या दुकानाचा! बेटिंगवाल्यांचे डोळे सतत त्यांच्यावर.

पण तिथे नुसते श्रीमंत नव्हते हो. शेडमध्ये हात काळे करणारे फिटर होते, आणि त्याच आवारात विमानं बनत होती. हरिकेन लढाऊ विमानाने १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये पहिलं उड्डाण इथूनच केलं. ४ सप्टेंबर १९४० ला जर्मन बॉम्ब पडले ते विकर्स या विमान कंपनीच्या कारखान्यावर, ८० हून जास्त कामगार गेले. कारखाने वरून दिसू नयेत म्हणून शर्यतीच्या रस्त्यात झाडं लावली, वाहतुकीसाठी काठ फोडला. युद्धानंतर सगळं विकर्सने विकत घेतलं. रस्ता मोडला तो अशा कारणांनी.

---

नर्मदेकाठचा

इथे एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. त्या संग्रहालयात एक वेलिंग्टन बॉम्बर आहे. ३१ डिसेंबर १९४० ला सरावाच्या उड्डाणात इंजिन बंद पडून ते स्कॉटलंडच्या लॉख नेस तलावात उतरलं आणि बुडालं. १९८५ ला बाहेर काढलं आणि जिथे बनलं होतं तिथेच परत आणलं. आणि ज्या जॉन कॉबचा विक्रम वर लिहिलाय, तो १९५२ च्या सप्टेंबरात त्याच लॉख नेसमध्ये गेला, जेट बोटीने पाण्यावरचा विक्रम करताना. म्हणजे एका आवारात गाडी आणि विमान शेजारी, आणि दोघांमधे तोच तलाव.

---

सरळरेषा

@नर्मदेकाठचा, मी दोन्ही वस्तूंसमोर उभा राहून आलो आणि हे डोक्यात आलं नाही. अंगावर काटा आला.

---

मध्यरात्रीचा_चहा

भुताचा विषय कोणी काढत नाही म्हणून मी काढतो. पर्सी लँबर्ट. १५ फेब्रुवारी १९१३ ला एका तासात शंभराहून जास्त मैल तोडणारा पहिला माणूस, १०३.८४ मैल, तेही साडेचार लिटरच्या टॅल्बटमध्ये. विक्रम लवकरच दुसऱ्याने मोडला, तो परत मिळवायला हा ३१ ऑक्टोबरला उतरला आणि टायर फुटून गेला. लग्न ठरलं होतं, शेवटचं एकदा म्हणून होणाऱ्या बायकोला शब्द दिला होता असं सांगतात. रात्री काठावर टोपी-चष्मा घातलेला माणूस चालताना दिसतो म्हणे. सरळरेषा, तुमच्या त्या स्वयंसेवक आजोबांना विचारलंत का?

---

सरळरेषा

विचारलं. म्हणाले, "बावीस वर्षं इथे आहे, मला फक्त कोल्हे दिसले."

---

मंचरकर

दादा, लेख एका दमात वाचला. आम्ही मोटारीवाले नाही, बैलगाडावाले. पण तुमच्या बाबांचं पटलं.

२०१४ ला बंदी आली तेव्हापासून आमच्या गावचा घाट ओस पडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घाट म्हणजे चढाची धावपट्टी, बारी म्हणजे एका गाड्याची धाव. बारी सुटली की पुढे घोडी, मागे बैल, आणि सेकंदांवर निकाल. सात वर्षांत त्यावर बाभळी आल्या. कडेची माती एकाने वीटभट्टीला नेली. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तेव्हा बैल होते, गाडे होते, हौस तर होतीच. घाट मात्र नव्हता. वर्गणी काढून जेसीबी लावला, चुलत्यांनी दोरी धरून चढ जमवला. तरी म्हातारे म्हणतात, पहिला चढ राहिला नाही, बारीचे सेकंद जुन्याशी लावू नका.

तिथे तसला चढ आहे का काही?

---

सरळरेषा

@मंचरकर, आहे! आणि तुम्ही विचारलंत म्हणून आनंद झाला. 'टेस्ट हिल' म्हणतात, १९०९ साली बांधलेला, गाड्यांचा चढ आणि ब्रेक तपासायला. लांबी जेमतेम १०७ मीटर, पण तीन टप्प्यांत उभा होत जातो, शेवटी चार फुटांना एक फूट. तुमचा घाटच तो. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो तिथे. बाबा तो चालत चढले, वर जाऊन धापा टाकत म्हणाले, "पाण्याचा निचरा चांगला काढलाय."

आणि अजून एक. शर्यत जिथे संपायची ती सरळ पट्टी कितीतरी वर्षं युद्धकाळातल्या हँगरखाली झाकली गेली होती. तो हँगर उचलून शेजारी नेला आणि खालची पट्टी मोकळी केली, २०१७ मध्ये. विमानांचं हँगर हलवलं, कशासाठी, तर खालचा रस्ता दिसावा म्हणून.

---

मंचरकर

मग त्या लोकांना आमचा रामराम सांगा. आमच्या घाटाच्या खालच्या टोकाला आता मंगल कार्यालय आहे. ते काही कोणी हलवायचं नाही.

---

खिडकीतली

@सरळरेषा, आई पुढच्या वेळी आली की तिलाही ने. केच्या ठोकळ्यांची गोष्ट सांग तिला.

---

सरळरेषा

सांगितली कालच. आई म्हणाली, "स्वयंपाकघराचे ओटे पण असेच कोणातरी उंच माणसाने ठरवलेले असतात."

---

तिरकी_खुर्ची

तिसऱ्यांदा विचारतोय. फोटो.

---

सरळरेषा

बाबांनी आज सकाळी फोन दिला. एकूण ४१ फोटो. ३४ काँक्रीटच्या सांध्यांचे, त्यातल्या निम्म्यांत मापासाठी बाबांचं पेन ठेवलेलं. चार पाणी जायच्या गटारीचे. एक चहाच्या कपाचा. एक माझा, डोळे मिटलेला. नेपिअर-रेल्टनचा एक आहे, पण त्यात फक्त मागचा टायर आणि जमीन. विचारलं तर म्हणाले, "तिथे फरशीला तडा होता."

सांध्यांचे उद्या टाकतो.